अंगणातला विजेचा खांब

४ नोव्हेंबर, सोमवार

तोमोए,

फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड. दुकानातून फोन करता येत नाही, कारण तुझे बाबा काउंटरपासून हाताच्या अंतरावर बसलेले असतात. आणि घराचा पत्ता तू कळवला नाहीस, म्हणून हे तुझ्या स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवतेय. तिथली माणसं विचारतील कुणाचं पत्र, तर विम्यावाल्यांचं म्हणून सांग.

आम्ही बरे आहोत. डोंगरावर बर्फ पडलं, गावात अजून नाही. लोणच्याचे मुळे धुरावर टांगून झाले. असलं पानभर लिहून मग हळूच विषयाला हात घालायचा, असं ठरवून बसले होते, पण मला ते जमत नाही. तर ऐक. तुझ्या बाबांना अंगणात विजेचा खांब उभा करायचाय. स्वतःचा. आपल्या एकट्या दुकानासाठी.

मीही आधी हसलेच. त्यांचं म्हणणं असं की गल्लीतल्या खांबावरून आपल्याला येते ती वीज उष्टी असते. आधी लॉन्ड्रीवाले ती वापरणार, मग शेजारच्या यासुदांची टोफूची मोटर, मग पलीकडच्यांचे भाताचे कुकर, आणि सगळ्यांचं झालं की उरलीसुरली आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला. अशा विजेवर रेकॉर्ड कितीही चांगली लावली तरी तिच्यावर मळ बसणारच. त्यावर उपाय म्हणजे स्वतःचा खांब, त्यावर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, आणि तिथून फक्त आपल्या भिंतीत येणारी जाड वायर. सेंदाईच्या हिराइवासाननी स्वतःच्या घरी असा खांब उभा केलाय. ते सांगतात की त्या दिवसापासून त्यांनी आधीच्या सगळ्या रेकॉर्डी नव्याने ऐकल्या. हिराइवासान कोण ते तुला सांगायला नकोच. वायर, सुया, ट्यूबा, आपल्याकडे जे काही आलं ते त्यांच्याच दुकानातून आलं.

खांबासाठी पर्सिमनचं झाड काढावं लागेल. ते एक वेळ जाऊ दे. पण एवढा पैसा आहे कुणाकडे? बँक द्यायला तयार आहे, घर तारण ठेवलं तर. आणि घर माझ्या नावावर आहे. माझ्या वडिलांनी ते माझ्या नावावर का केलं, हे तुला ठाऊक आहे. जावई माणूस म्हणून सोन्यासारखा, पण हातात पैसा टिकत नाही, असं ते मरेपर्यंत म्हणायचे. तर आता नगरपालिकेत नोंदवलेला माझा शिक्का त्या कागदावर सहीच्या जागी उमटला की काम झालं. महिनाअखेरीस हिराइवासान कागद घेऊन येणार आहेत.

दुकानाची गत काय सांगू. रोजचे चार म्हातारे येतात, एक कॉफी घेऊन दुपारभर रेकॉर्डी ऐकत डोळे मिटून बसतात, आणि कधीतरी एखादा वाट चुकलेला प्रवासी येतो, तो इथे बोलायचं नाही हे कळल्यावर अर्धा कप टाकून निघून जातो. यातून बँकेचे हप्ते कसे फिटायचे? घर गेलं तर या वयात आम्ही दोघांनी कुठे जायचं, तूच सांग.

तू एकदा ये. तू रोज आवाजातच काम करतेस, तुझं म्हणणं ते ऐकतील. ऐकणार नाहीत, पण घाबरतील तरी. मला आवाजातलं काय कळतं? मी कप पुसणारी बाई.

आई

११ नोव्हेंबर, सोमवार

तोमोए,

उत्तर नाही. ठीक आहे. मग त्या दिवसाबद्दलच बोलूया, कारण तो दिवस मध्ये पडलाय तोवर तू माझं काही ऐकायची नाहीस.

हिराइवासाननी स्पीकरची ती नवी वायर निळ्या मखमलीच्या पेटीत घालून आणली होती. दागिन्यांची पेटी असावी तशी पेटी. तुझे बाबा त्या आनंदात दोन रात्री नीट झोपले नाहीत. रविवारी सगळ्यांना बोलावलं. दातांचे डॉक्टर ओबारासान आले, बर्फ काढायची गाडी चालवणारा कुजी आला, नेहमीचे सगळे आले. तू सुट्टीला आली होतीस. सकाळी दुकान झाडायच्या निमित्ताने स्पीकरच्या मागे गेलीस आणि मखमलीतली वायर काढून तिथे हार्डवेअरच्या दुकानातली साधी वायर जोडून ठेवलीस. मी बघितलं नाही, बघितलं असतं तर तुझा कान धरला असता.

रेकॉर्ड संपली. तुझे बाबा उभे राहिले आणि म्हणाले, खालच्या सुरांना आता पाय फुटले, आजवर ते तरंगत होते. ओबारासान डोळे मिटून मान डोलवत होते. तेव्हा तू पुढे आलीस, वायर उपसून हातात धरलीस आणि म्हणालीस, "बाबा, ही टेबललॅम्पची वायर आहे. मखमलीवाली अजून पेटीतच आहे."

कुणीही हसलं नाही. कुजी तरी हसला असता तर बरं झालं असतं. मग तू माझ्याकडे वळलीस आणि "आई, तू तरी..." एवढंच म्हणालीस, तोच तुझे बाबा ओरडले. या दुकानात कधी आवाज न चढवणारा माणूस. चालती हो म्हणाले. पुन्हा पाय ठेवू नकोस म्हणाले. मी एक अक्षर बोलले नाही. कप लावत राहिले. बाबांपेक्षा माझ्यावर तुझा राग जास्त आहे, ते मला तू न सांगता कळतं. मी का गप्प बसले ते तू कधी विचारलं नाहीस, आणि विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं.

आता नवीन ऐक. गेल्या महिन्यात त्यांना सर्दीताप झाला. काखेत थर्मामीटर धरून बसले होते. तो वाजायला लागला. माझ्या कानात टोचत होता, आणि हे आपले समोर बघत बसलेले. मी म्हटलं, अहो, झाला की. तर म्हणतात, वाजला कुठे अजून? मला वाटलं तापाची गुंगी असेल. पण मग मी लक्ष ठेवायला लागले. ओव्हनची घंटा ऐकू येत नाही. दारात किड्यांची इतकी किरकिर चाललेली असायची, तर यंदा किडेच आले नाहीत म्हणाले. पावलं ऐकू येतात, ढगांचा गडगडाट ऐकू येतो, माझं रागावणं तर स्पष्ट ऐकू येतं. गेलंय ते वरचं, बारीक. तुला याचं नाव माहीत असेल.

मग मला सांग, हा खांब कुणाच्या कानांसाठी चाललाय? त्यांना हे कळलेलं नाही असं मला वाटतं. आणि मी कुठल्या तोंडाने सांगू? त्यांच्या कानांची या गावात कीर्ती आहे. कुणी नवी सुई घेतली की आधी आपल्याकडे आणतो, तात्सुरोसान काय म्हणतात बघू म्हणून. ते कान गेले असं त्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्याजवळ मग उरलं काय?

म्हणून म्हणते, तू ये. कानांचं काढू नकोस. फक्त एवढंच सांग की खांबाने काही होत नाही. तुम्ही लोक रेकॉर्डिंग करता तेव्हा कुठली वीज वापरता, साधीच ना? तेवढं सांग. मला रात्री अन्न गोड लागत नाही.

आई

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तोमोए,

तुझं कार्ड मिळालं. "शिक्का तुझा आहे. नको असेल तर नको म्हण. मला मध्ये घालू नकोस." वाचून अंगाचा तिळपापड झाला. मग पुन्हा वाचलं, तर तू चूक असं काहीच लिहिलं नव्हतंस, म्हणून आणखीच राग आला.

त्याच रागाच्या भरात मी दुकानात गेले. तुझे बाबा प्लगचे पाय कापसाने पुसत बसले होते, न्हाव्याने वस्तरा पुसावा तसे. मी म्हटलं, शिक्का मी देणार नाही. त्यांनी विचारलं, का? मी घराचं बोलणार होते, बँकेचं बोलणार होते, आणि तोंडातून निघालं भलतंच.

"तुम्हाला थर्मामीटर ऐकू येत नाही."

त्यांनी कापूस खाली ठेवला.

"माहीतेय," ते म्हणाले. "कानांच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. वरचं काही राहिलेलं नाही. ट्यूब बदलली काय, वायर बदलली काय, मला सगळं सारखंच."

"मग इतकी वर्षं निवडत कसे होतात?"

"तुझ्या हातावरून."

मला आधी कळेना. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, दुकानात कुणी नवीन गिऱ्हाईक आल्यावर समजावतात तसं. रेकॉर्ड चालू असते तेव्हा मी काउंटरमागे कप पुसत असते. आवाज साधारण असेल तर माझं फडकं चालत राहतं. आवाज खरोखर चांगला लागला की फडकं थांबतं. त्यांच्या हे फार पूर्वीच लक्षात आलं होतं, आणि कान मंद व्हायला लागल्यावर त्यांनी माझ्या हातावरच भरवसा ठेवला. मोठा अ‍ॅम्प्लिफायर माझा हात थांबला म्हणून आला. ती चंदनाच्या लाकडात बसवलेली सुई तशीच. हिराइवासान घरी वापरून बघायला म्हणून वस्तू ठेवून जातात ना, त्यातली कुठली ठेवायची आणि कुठली परत पाठवायची, ते सगळं माझ्या फडक्याने ठरवलं.

"त्या दिवशीसुद्धा?" मी विचारलं. वायरच्या दिवशी.

"त्या दिवशीसुद्धा," असं म्हणून ते उठले आणि अंघोळीला निघून गेले.

तोमोए, तो हात मी मुद्दाम थांबवत होते.

काहीही नवीन जोडलं की ते माझ्याकडे बघायचे. ताट वाढून झाल्यावर पाहुण्याच्या पहिल्या घासाकडे बघतात ना, तसं. मी फडकं जरा थांबवलं की त्यांचा चेहरा उजळायचा. यात माझं काय जात होतं? मला वाटायचं, आवडलं असं कळलं की ते खूश होतात, बस. मला फरक कधी कळला नाही. कदाचित पहिल्या एक-दोन वेळा कळला असेल, आता आठवत नाही. आणि आता बघ, ज्या कपाटात आपले सगळे पैसे गेले ते अख्खं कपाट माझ्या हाताने भरलंय. गावभर ज्या कानांची कीर्ती आहे ते कान म्हणजे माझं फडकं. आणि त्या दिवशी तुझ्या बाबांचं जे हसं झालं ते तू केलं नाहीस. लॅम्पच्या वायरवर हात मी थांबवला होता.

हे मी त्यांना सांगितलं नाही. अंघोळीहून आल्यावर त्यांनी एक अट घातली आणि मी ती मान्य करून बसले. येत्या रविवारी हिराइवासान एक पेटी आणणार आहेत. ती भिंतीतली वीज गाळून देते, खांबाच्या विजेइतकीच स्वच्छ. एकच रेकॉर्ड दोनदा वाजवायची, एकदा त्या पेटीवर, एकदा भिंतीतल्या साध्या प्लगवर. आधी कुठली ते मला सांगायचं नाही, त्यांनाही नाही. ओबारासान पडद्यामागे जाऊन जोडणार. मी नेहमीसारखे कप पुसायचे. पेटीवर माझा हात थांबला तर मी शिक्का द्यायचा. नाही थांबला तर खांबाचं नाव पुन्हा निघणार नाही.

"हे शेवटचं," ते म्हणाले. "यानंतर काही मागणार नाही."

तू म्हणशील, यात अवघड काय आहे? हात थांबवायचा नाही, झालं. हो. पण आयुष्यभराची सवय आहे, आणि समोर तो चेहरा असणार आहे. आज दुपारी ते दाढी करायला गेले तेव्हा मी एकटीच रेकॉर्ड लावून पुसायला बसले, सराव म्हणून. दोन वेळा हात थांबला. समोर कुणी नव्हतं तरी थांबला.

मी रविवारी थांबणार नाही. तुला लिहून देतेय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

आई

२४ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

तोमोए,

सगळे गेले. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी हिराइवासान आले. पेटी इतकी जड की कुजीने आणि त्यांनी मिळून ती आत आणली. बूट दारात काढून हिराइवासान नव्या मोज्यांवर होते, कागदांची पिशवी काखेत. त्यांना फसवाफसवी करायची असते असं तू नेहमी म्हणायचीस, पण मला तसं वाटत नाही. त्या माणसाचा यावर देवासारखा विश्वास आहे. स्वतःचं अंगण खणलंय त्याने. बायको माहेरी गेली तेव्हा खणलं, असं ओबारासान म्हणतात, पण खणलंय.

ओबारासान पडद्यामागे गेले. तुझे बाबा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले, पण खुर्ची स्पीकरकडे नाही, काउंटरकडे वळवून. कुणाला काही विचित्र वाटलं नाही. म्हातारा विक्षिप्त आहे हे सगळ्यांना माहीतच आहे. मी पुसलेले कप पुन्हा ओले करून ठेवले होते, कमी पडायला नकोत म्हणून.

रेकॉर्ड त्यांनीच निवडली. कुठल्याशा क्लबात वाजवलेली, लोकांच्या गर्दीत, पियानो आणि दोन साथीदार. तू लहानपणी तिला खोकल्याची रेकॉर्ड म्हणायचीस, कारण सुरुवातीला कुणीतरी खोकतं. मी पुसायला लागले. एक कप, दुसरा कप. मनात एकच, थांबायचं नाही. आजवर त्यांच्याकडे बघण्याच्या नादात मी कधी ऐकलंच नव्हतं, आणि आज बघायचं नव्हतं, म्हणून कान आपोआप तिकडे गेले. पियानो हळू झाला. आणि मला कप खाली ठेवल्याचा आवाज आला, अगदी जवळ, बशीवर टेकवल्यासारखा. मला वाटलं मीच ठेवला. बघते तर माझा कप माझ्या हातात.

पुन्हा आला. पाण्याचा आवाज, मग आणखी एक कप. तिथे, त्या क्लबात, कुणीतरी मागे भांडी विसळत होतं. लोक पियानो ऐकत होते आणि ती बाई, बाईच असणार, जपून, आवाज होऊ नये अशी एकेक कप ठेवत होती. इतक्या वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं. आमच्या दोघींचे कप एकाच वेळी वाजत असणार, तर मला कसं ऐकू येणार?

आणि मग माझ्या लक्षात आलं की माझं फडकं थांबलंय. केव्हापासून, कोण जाणे. पहिली पेटीवर असेल तर घर गेलं, आणि ते मीच घालवलं, तुला लिहून देऊनसुद्धा.

दुसऱ्या वेळी मी वेड्यासारखी पुसत होते. दुसऱ्यांदा ती बाई कप ठेवत होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. माझेच कप इतके आपटत होते.

रेकॉर्ड संपली. कुजी म्हणाला, दुसरी नक्की पेटीवरची, धुकं निवळल्यासारखं झालं. हिराइवासाननी नाही म्हणून मान हलवली. तुझे बाबा पहिल्या वेळी कसे पुढे झुकून बसले होते ते त्यांनी बघितलं होतं. पहिलीच, ते म्हणाले, त्या जागेची खोली कळत होती, ती साध्या विजेवर शक्यच नाही. आणि पिशवीतून कागद काढायला लागले. मी शिक्का एप्रनच्या खिशात घट्ट धरला होता.

"ओबारासान, पहिली कशावर होती?" तुझ्या बाबांनी विचारलं.

ओबारासान पडदा सारून बाहेर आले. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं होतं. "भिंतीतल्या प्लगवर," ते म्हणाले.

तुझ्या बाबांनी हिराइवासानना वाकून नमस्कार केला आणि पेटी परत न्यायला सांगितलं. हिराइवासानचे कान लाल झाले, पण ते डगमगले नाहीत. आज रविवार, टोफूवाल्यांची मोटर बंद, त्यामुळे गल्लीतली वीज एरवीपेक्षा स्वच्छ असणार, असं त्यांचं म्हणणं. असेलही. मला त्यांची दयाच आली. जाताना त्यांना धुरावलेला मुळा बांधून दिला.

सगळे गेल्यावर तुझ्या बाबांनी तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. रेकॉर्ड चालू असताना दुकानात बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. मी लग्न झाल्यापासून पाळला. आज मोडला.

"आजवर थांबलेला हात खोटा होता," मी म्हटलं. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून थांबवायचे मी."

"माहीतेय."

मी विचारलं, कधीपासून?

"लॅम्पच्या वायरवर थांबला तेव्हापासून. मग मागचं एकेक आठवत गेलो. मुद्दाम थांबतेस तेव्हा तू माझ्याकडे बघतेस. आज नाही बघितलंस."

मग खांबाचा विषय कशाला काढला, असं मी विचारलं. ते म्हणाले, एकदा तरी तुझा हात आपोआप थांबलेला बघायचा होता. बाकी सगळं करून झालं होतं, खांब तेवढा राहिला होता. मुद्दाम थांबली असतीस तर कागद मीच फाडले असते. मग त्यांनीच विचारलं, पहिल्या वेळी तिथे होतं तरी काय? मी सांगितलं, तिथे एक बाई कप विसळतेय. ते कितीतरी वेळ स्पीकरकडे कान लावून बसले. त्यांना ते ऐकू येणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आणि मग मी ते विचारलं, जे विचारायची मला इतके दिवस हिंमत नव्हती. सगळं कळलं होतं, तर पोरीला का हाकललंत?

"ती तुझ्याकडे वळली होती," ते म्हणाले. "तुला विचारणार होती, आई, तू तरी सांग, म्हणून. ओबारासान होते, कुजी होता. सगळ्यांसमोर तुला सांगावं लागलं असतं की इतकी वर्षं तू माझी समजूत काढत होतीस. तिला तिथेच थांबवायला हवं होतं. मला दुसरं काही सुचलं नाही."

अशा वेळी बाईला रडू येत असेल. मला राग आला. असा राग मला लग्नानंतर कधी आला नव्हता. मी म्हटलं, माझी लाज राखायला माझी पोर घालवलीत, आणि मला विचारलंसुद्धा नाहीत. तीन हिवाळे ती या घरात नाही. तिला वाटतं बापाला ती नको आहे आणि आईला बोलायची हिंमत नाही. मी गप्प बसले कारण मला वाटलं चूक माझी आहे, आणि तुम्ही गप्प बसलात माझ्यासाठी. दोघांच्या या चांगुलपणात भरडली गेली ती. ते खाली मान घालून ऐकत होते. रेकॉर्ड संपून सुई आत नुसती घसटत होती, तरी उठले नाहीत.

हे सगळं तिला तुम्ही सांगा, मी म्हटलं. ते म्हणाले, फोनवर मला तिचं बोलणं समजत नाही. तर जाऊन सांगा, म्हटलं. तिने दार उघडलं नाही तर, ते म्हणाले. तर दाराबाहेर उभे राहा, मी म्हटलं, तीही तशीच उभी होती त्या दिवशी, आपल्या दारात, बॅग घेऊन.

तर ते निघतायत. शुक्रवारी सकाळच्या गाडीने, ओमागारीला गाडी बदलून, दुपारी तुमच्या उएनो स्टेशनवर उतरतील. स्टेशनच्या नावाची पाटी असलेल्या मोठ्या दारापाशी थांबायला सांगितलंय. करड्या रंगाचा जुना कोट असेल. हे पत्र मी उद्या सकाळी जलद टपालाने टाकतेय, म्हणजे तुला आधी मिळेल.

ये असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव, तुझ्या रागावर माझा हक्क नाही. पण आलीस तर एवढं कर. गर्दीत मागून बाबा म्हणून हाक मारू नकोस. तुझा आवाज बारीक, तो आता त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांना वाटेल तू आलीच नाहीस. समोर जाऊन उभी राहा.

आई